दोरा कोणी दिला

धाकटा येणार म्हणून थोरल्या सुनेनं सकाळीच कापणीचं टेबल रिकामं करायला घेतलं. बारा फुटी टेबल आहे आमचं. आठवडाभर त्यावर ट्रकच्या ताडपत्र्या आणि गाड्यांच्या सीटांचं रेक्झिन कापतात, आणि रविवारी त्याच टेबलावर चादर टाकून आम्ही जेवतो. पाहुणा आला तर त्याला खुर्ची मिळते. घरच्या माणसानं बाकडं ओढून घ्यायचं.

"चादर कोणती टाकू?" सुनेनं विचारलं.

"कोणतीही टाक. माझा मुलगा येतोय, राजदूत नाही."

"दोन वर्षांनी येतायत, आई."

"मग काय त्याच्यासाठी नवी शिवायची?"

असं म्हणाले आणि कपाटातली इस्त्रीची चादर मीच उठून काढून दिली. सून तोंड फिरवून हसली. हसेना का. वर्षातून चारदा हसते, आणि ते नेमकं माझ्यावर.

धाकटा घरातून गेला तो दोऱ्यापायी. गावाबाहेरच्या धावपट्टीवर विमान शिकवणारा एक क्लब आहे. उभी विमानं वाऱ्यानं हलू नयेत म्हणून ती जमिनीतल्या कड्यांना पट्ट्यांनी बांधून ठेवतात. ते पट्टे आम्ही शिवायचो. एका खेपेला नायलॉनच्या जागी मेण लावलेला सुती दोरा मशीनवर चढला. नवा असताना दोन्ही सारखेच दिसतात आणि सारखाच ताण घेतात. पण सुती दोरा उन्हापावसात कुजतो. धाकट्याची मुलगी तेव्हा सतराची होती आणि सुट्टीत आमच्याकडेच काम करायची. जन्मल्यापासून तोंड बंद नाही, म्हणून घरात सगळे तिला टिटवी म्हणतात. ती नवी खेप पोहोचवायला गेली. तिथे बांधलेल्या एका जुन्या पट्ट्याची शिलाई तिच्या नखानं उकलली. घरी येऊन आम्हाला विचारणं नाही, काही नाही. तिथल्या तिथे विमानांच्या मिस्त्रीला म्हणाली, "आमचे आहेत तेवढे सगळे पट्टे आत्ता काढा."

त्यानं काढले आणि दुसरे बांधले. तिसऱ्या दिवशी असा वारा सुटला की आमच्या छपराचे दोन पत्रे उडून शेजारच्या अंगणात पडले. विमानं जागची हलली नाहीत. क्लबानं पोरीची पाठ थोपटली आणि आमचं काम काढून घेतलं. दोन्ही त्यांचं बरोबरच होतं.

मग घरात एकच प्रश्न. चुकलं कोण? दोऱ्याचं कपाट धाकट्याकडे असायचं. थोरला त्याला सगळ्या कामगारांसमोर वाट्टेल ते बोलला. धाकट्यानं मान खाली घातली ती वर केलीच नाही. आठ दिवसांत बायको आणि मुलगी घेऊन वेगळा झाला. आता बसच्या डेपोत सीटा दुरुस्त करतो.

ते रीळ कपाटातून मी काढून दिलं होतं.

आमच्याकडे नियम आहे, माझ्या नवऱ्यानं घातलेला. नवं रीळ मशीनवर चढायच्या आधी दोऱ्याचं टोक काडीनं जाळायचं. नायलॉन असेल तर वितळून त्याचा टणक मणी होतो. सुती असेल तर राख होते आणि जळक्या कागदाचा वास येतो. त्या दिवशी धाकटा काडेपेटी शोधत होता. मी म्हटलं, "चाळीस वर्षं दोरा माझ्या बोटांतून जातोय, आणि तू मला काडी दाखवतोस?" रिळावर चिठ्ठी होती, पण अक्षरं बारीक, आणि बारीक अक्षरांचं नि माझं दुसरीत शाळा सुटली तेव्हापासून जमलेलं नाही. धाकट्यानं मुकाट्यानं रीळ घेतलं. पुढे शिव्याही मुकाट्यानं घेतल्या. मी समोर उभी होते. तो माझ्याकडे बघेल असं मला वाटलं होतं. त्यानं बघितलं नाही, आणि मी बोलले नाही.

---

साडेदहाला ते तिघं आले. धाकटा दारात थबकला, पायताण काढू की नको अशा विचारात. टिटवी त्याच्या बगलेखालून घुसून थेट माझ्यापाशी.

"आजी, तू बारीक झालीस."

"आणि तू उंच झालीस. पुढे दाराची चौकट वाढवावी लागेल."

"नको वाढवू. मी इथे राहणारच नाहीये. मिळाली तर."

मिळाली तर, म्हणजे शिष्यवृत्ती. ज्या पोरांना विमान चालवायचं, बनवायचं किंवा दुरुस्त करायचं शिकायचंय, त्यांना एक संस्था देते. टिटवीला दुरुस्ती शिकायचीय. चार वर्षांचा अभ्यास, फी, राहणं, हत्यारं, सगळं संस्थेचं. नाही मिळाली तर डेपोतल्या पगारात त्या कॉलेजचं फाटकसुद्धा उघडत नाही. अर्जात प्रश्न होता, धोक्याची गोष्ट दिसल्यावर तुम्ही काय केलंत? पोरीनं पट्ट्यांची हकीकत लिहिली. शेवटच्या यादीत तिचं नाव आलं. आणि आता संस्थेला कारखान्याच्या प्रमुखाचं पत्र हवं होतं. असं खरंच घडलं का, चुकीचा दोरा आला कसा, आणि त्यानंतर तुम्ही काय बदललंत. सोमवारी दुपारी बाराच्या आत.

कारखान्याची प्रमुख मी. नवरा गेल्यापासून पाटीवर, बिलावर, सगळीकडे मीच.

"बसा," थोरला म्हणाला. कोणाला म्हणाला ते कळू नये अशा बेतानं म्हणाला.

धाकटा बाकड्याच्या टोकाला बसला. धाकटी सून उभीच राहिली. ती बोलायला कमी, पण उभी अशी राहते की समोरच्याला बसल्या जागी टोचावं.

थोरल्यानं पाकिटातून छापील कागद काढून माझ्यापुढे ठेवला. "पत्र तयार आहे. आई, तू खाली सही कर फक्त."

"काय लिहिलंय?"

"जे त्यांना हवंय ते. उगीच पाल्हाळ नाही."

"मी वाचू?" म्हणत टिटवीनं कागद उचललाही. पहिल्या चार ओळी तिनं घडाघडा वाचल्या, तिचं कौतुक होतं त्यात. मग तिचा आवाज उतरला. "'त्या वेळी दोऱ्याची जबाबदारी असलेल्या कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे ही चूक झाली. सदर कर्मचाऱ्यास त्यानंतर कामावरून दूर करण्यात आले आहे.'"

तिनं कागदावरून मान वर केली.

"काका, सदर कर्मचारी म्हणजे बाबा."

"नाव कुठे घातलंय?"

"बाबांचं नाव नि आधीचं काम माझ्या अर्जावर आहे की! त्यांना काय बेरीज येत नाही?"

"हे बघ, खोटं एक अक्षर नाही त्यात. त्यांनी विचारलंय की तुम्ही काय बदललंत. आम्ही माणूस बदलला. आणखी काय सांगू? नवीन दवाखान्याच्या गाद्यांचं काम येऊ घातलंय. कारखान्याची अब्रू झाकून तुझंही काम व्हावं, म्हणून मी काल दिवसभर बसून हे लिहिलंय. आणि तू माझ्यावरच डाफरतेस?"

"दादा," धाकटा म्हणाला. दोन वर्षांत भावाशी बोललेला पहिला शब्द. "ठीक आहे ते. राहू दे तसंच. आई, कर सही."

"मला हे पत्र नको," टिटवी म्हणाली. "शिष्यवृत्तीही नको."

"टिटवे!"

"नको म्हणजे नको. एकदा माझ्या तोंडामुळे तुम्ही घराबाहेर पडलात. आता तेच छापून, वर सही घेऊन, त्यावर मी विमानं शिकायला जाऊ?"

कागद तिनं टेबलावर ठेवला आणि मागच्या दारानं अंगणात गेली. धाकटा तिच्यामागे गेला. थोरला माझ्याकडे बघत राहिला. मी चादरीची सुरकुती सारखी केली. सुरकुती नव्हतीच.

---

स्वयंपाकघरात काय झालं ते मी पाहिलं नाही. थोरलीनं नंतर सांगितलं, आणि थोरली खोटं बोलत नाही, फक्त मागितल्याशिवाय खरं देत नाही.

या दोघी जावांचं कधी फारसं जमलं नाही. एकीला दुसरी मिजासखोर वाटायची, दुसरीला पहिली घुमी. दोन वर्षांत रस्त्यात भेटल्या तरी भाजीचा भाव विचारून पुढे जायच्या. त्या दिवशी धाकटी बटाटे सोलायला बसली आणि सालांबरोबर अर्धा बटाटाही काढायला लागली.

थोरलीनं तिच्या हातातली सुरी घेतली. "बटाट्यांनी काय केलंय तुझं?"

"ताई, मला आज काही बोलायला लावू नका."

"बरं. मग मी बोलते. त्या दिवशी रीळ कोणी काढलं ते मी बघितलं होतं. मी जिन्यावर होते, कामगारांचा चहा घेऊन."

धाकटी तिच्याकडे बघतच राहिली म्हणे. "तुम्हाला माहीत होतं?"

"तुला?"

"यांनी पहिल्याच रात्री सांगितलं. आणि मला शपथ घातली. म्हणाले, आईचं वय बघ. आईला लोकांत मान आहे, तेवढाच तिच्याकडे उरलाय. मी भांडले, रडले, अबोला धरला. पालथ्या घड्यावर पाणी. पण ताई, तुम्ही? तुम्ही बघत राहिलात? भावजी कामगारांसमोर यांना काय काय बोलले!"

"राहिले बघत," थोरली म्हणाली. "बोलले असते तर या घरात नवरा एकीकडे आणि सासू दुसरीकडे. माझी हिंमत झाली नाही. तू मला काय म्हणायचं ते म्हण."

धाकटीनं सुरी परत मागितली आणि बटाटे नीट सोलले. मग दोघींनी मिळून ठरवलं. पोरीचं वाटोळं होऊ द्यायचं नाही. सासूबाईंना जेवण वाढेपर्यंत वेळ द्यायचा. तोवर त्या बोलल्या नाहीत तर आपण बोलायचं, दोघींनी एकदम, म्हणजे एकीवर यायला नको.

माझ्या पाठीमागे माझ्याच स्वयंपाकघरात हे शिजत होतं, आणि मी बाहेर चादर सारखी करत होते.

अंगणातलं मला टिटवीनं सांगितलं. तिचं ऐकायचं म्हणजे तीन वेळा ऐकावं लागतं, पण ती काही गाळत नाही.

धाकटा तिच्याशेजारी जुन्या ताडपत्र्यांच्या ढिगावर बसला. म्हणाला, "तू त्या दिवशी मिस्त्रीला सांगितलंस, ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात अभिमानाची गोष्ट आहे. तुला हे कधी सांगितलं नाही मी."

"नाहीच सांगितलंत. तुम्ही काहीच सांगत नाही. दोन वर्षं तुम्ही डेपोतून येता, हात धुता, जेवता. आणि मी समोर बसून विचार करते की मी गप्प बसले असते तर बाबा अजून आजीकडे असते."

"तू गप्प बसली असतीस तर वाऱ्यात विमान सुटलं असतं. कोणाच्या तरी अंगावर गेलं असतं."

"ते मला कळतं हो. पण मला एक सांगा. तुम्ही काडी लावल्याशिवाय रीळ चढवलंत कसं? मला तुम्हीच शिकवलंय ते. मी सहा वर्षांची असताना. तुम्ही दोरा न जाळता द्याल, हे मला पटतच नाही. दोन वर्षं झाली, पटत नाही."

धाकटा म्हणे उठून उभा राहिला आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "माणूस एखादे दिवशी चुकतो."

"बाबा, तुम्हाला खोटं बोलता येत नाही. कान लाल होतात तुमचे."

नेमकं तेव्हा मी मागच्या दारात पोहोचले होते. एवढंच मी माझ्या कानांनी ऐकलं. धाकट्यानं मला पाहिलं आणि मान हलवली. हळूच, नको अशी. दोन वर्षांपूर्वी त्यानं माझ्याकडे बघितलं नव्हतं. आज बघितलं, तेही मला वाचवायला.

लोक म्हणतात, सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. माझ्याबद्दलच म्हणतात, मला ठाऊक आहे, आणि आजवर मला त्याचा गर्वच वाटत आला. त्या दारात उभी राहून पहिल्यांदा वाटलं, जळक्या सुंभाचा तो पीळ कोणाच्या कामाचा?

"आत या दोघं," मी म्हटलं. "अन्न निवतंय."

---

अन्न निवत नव्हतं. ते अजून वाढलंच नव्हतं. दोघी सुना पातेल्यापाशी खांद्याला खांदा लावून उभ्या. असं चित्र या घरात मी कधी पाहिलं नव्हतं.

"आई," थोरली म्हणाली, "वाढू? की तुम्हाला आधी काही बोलायचंय?"

मी तिच्याकडे बघितलं. तिनं डोळे खाली घेतले नाहीत. तेव्हा कळलं की हिला माहीत आहे, कधीपासूनचं माहीत आहे, आणि तरी दोन वर्षं ही मला वेळच्या वेळी चहा देतेय.

"जिन्यावर होतीस ना तू?" मी विचारलं.

"हो."

"चहा सांडला होतास. नंतर पुसलास. मला वाटलं, पायरी चुकली."

"काय चाललंय?" थोरला म्हणाला. "कुठला चहा?"

मी बसले. "ते रीळ मी काढून दिलं. धाकटा काडी लावत होता, मी लावू दिली नाही. माझ्या बोटांना कळतं, म्हटलं. चिठ्ठी वाचता आली नाही, हे सांगायची लाज वाटली. चूक माझी. तो दोन वर्षं माझ्या वाटणीच्या शिव्या खातोय."

टिटवीनं बापाकडे बघितलं. धाकट्याचे कान लाल नव्हते, पांढरे पडले होते.

"बाबा! तुम्ही मला असं वाटू दिलंत की मी तुमची चूक उघडी पाडली!"

"मग काय सांगणार होतो? आजीची चूक उघडी पाडलीस म्हणून?"

"हो! तेच! खरं तेच होतं ना!"

पण मला थोरल्याची भीती होती, आणि ती खरी निघाली. तो ओरडला नाही. जागेवरून उठला, दोऱ्याच्या कपाटापर्यंत गेला, परत आला.

"मी त्याला कामगारांसमोर काय काय बोललो ते तुला आठवतं?" त्यानं मला विचारलं. "तू तिथे होतीस. खोकल्यासारखं केलंस आणि पाणी प्यायला गेलीस. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी, आणि दोर तू हातात दिलास. लहानपणापासून तू मला सांगतेस की मोठ्यानं न्यायानं वागावं. मला अन्याय करायला लावलास तू, आई. माझ्या पाठच्या भावावर."

छापील पत्र मी उचललं आणि पालथं ठेवलं. एरवी मला नेहमी उत्तर असतं. गल्लीत विचारा.

"दादा, जाऊ दे," धाकटा म्हणाला.

"तू गप्प बस! तू तर बोलूच नकोस! तोंडाला काय टाके घातले होते? एकदा म्हणाला असतास तर?"

"म्हणालो असतो तर तू आईला बोलला असतास. कामगारांसमोर."

थोरला धाकट्याच्या शेजारी बाकड्यावर धपकन बसला. बाकडं करकरलं. दोघांचं वजन त्यानं बऱ्याच दिवसांत पेललं नव्हतं.

"आता वाढते," थोरली म्हणाली.

"थांब," मी म्हटलं. "आधी पत्र. टिटवे, कागद घे. मी सांगते तसं लिही. शोभेचं काही घालू नकोस."

"आई, मालकीणच चुकली असं लिहायचं?" थोरला म्हणाला. पण आता त्याच्या आवाजात जोर नव्हता. "दवाखान्यापर्यंत जाईल ही गोष्ट."

"गेली तर जाईल. ज्यांना झोपायला गादी हवीय, त्यांनाही कळू दे शिवतंय कोण. लिही. 'माझ्या नातीनं लिहिलं आहे ते खरं आहे. चुकीचा दोरा मी दिला. तपासायला निघालेल्या माणसाला मी अडवलं. तो माझा मुलगा आहे. दोष त्याच्यावर आला आणि मी गप्प बसले. माझी नात गप्प बसली नाही.' झालं?"

टिटवीचं नाक वाहत होतं, पण हात थांबला नव्हता. "झालं. आता शेवटचा प्रश्न. 'त्यानंतर काय बदल केले?'"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"लिही, आता दोन माणसं तपासतात," थोरला म्हणाला.

"तपासतात का, काका?"

"तपासतील उद्यापासून."

"मग 'तपासतात' कसं लिहू? विमानाच्या कामात असं चालत नाही. न केलेलं केलं म्हणून लिहिणं, त्यापेक्षा मोठा गुन्हा नाही तिथे."

"अजून नोकरी नाही लागली हिला," थोरला म्हणाला, "आणि काकाची तपासणी सुरू." पण तो हसला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा, आणि नेमका बायकोसारखा, तोंड फिरवून.

"खरं काय ते लिही," धाकटा म्हणाला. "काहीच बदललं नव्हतं. फक्त माणूस काढला."

"ते वाचून मला कोण देईल शिष्यवृत्ती?"

आता पोरगी घाबरली होती. सकाळी रागात 'नको' म्हणाली होती, ते सोपं होतं. आता हवी होती, आणि हातात होतं फक्त हे असलं पत्र. धाकटी सून सकाळपासून सगळ्यांसमोर एक शब्द बोलली नव्हती. ती तिच्या मागे येऊन उभी राहिली आणि तिच्या केसांवर हात ठेवला.

"अर्ज तू कशावर केलास?" ती म्हणाली. "खरं सांगितलंस, यावरच ना? मग आता का कचरतेस?"

टिटवीनं लिहिलं. 'आजपर्यंत काही बदललं नव्हतं. आज रविवारी आम्ही सगळे बसून ठरवत आहोत.' मग अर्धा तास खरंच ठरवलं. भाजी दोनदा गरम झाली. धाकट्याचं म्हणणं, रीळ काढणारा आणि तपासणारा एकच माणूस नको. थोरल्याचं म्हणणं, जळलेलं टोक कागदाला चिकटवून कामाबरोबर ठेवायचं, म्हणजे पुढे कोणी नाकबूल व्हायला नको. थोरली म्हणाली, तपासणाऱ्याला 'थांबा' म्हणायचा हक्क हवा, समोर कोणी का असेना. हे बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती. मी म्हटलं, "बघ माझ्याकडे आणि लिहायला सांग." तेही लिहिलं. मी सही केली, आणि पोरीनं फोनवर कागदाचा फोटो काढून तिथूनच पाठवून दिला.

जेवण कसं झालं ते आठवत नाही. थोरला माझ्याशी जेवताना बोलला नाही, नंतरचे तीन दिवसही नाही. ते मी भोगलं. भोगण्यासारखंच होतं.

---

गुरुवारी दुपारी कारखान्याचा फोन वाजला. बाईचा आवाज, सावकाश बोलणारा. शिष्यवृत्तीच्या संस्थेतून, प्रमुखांशी बोलायचंय म्हणाली.

"मीच."

"तुमचं पत्र आम्ही निवड समितीतल्या पाचही जणांनी वाचलं. एक विचारायचं होतं. तपासणाऱ्यानं 'थांबा' म्हणायचं, असं लिहिलंय तुम्ही. या आठवड्यात कोणी म्हणालं का?"

"बुधवारी म्हणाली ना, माझी थोरली सून. मलाच म्हणाली."

"मग?"

"मग काय, थांबले. रीळ बरोबर होतं. पण थांबले."

पलीकडे दोघंतिघं हसल्याचा आवाज आला. मला आवडलं नाही. मग ती म्हणाली, "असं पत्र लिहिणं अवघड गेलं असेल."

"कसलं अवघड? अर्ध्या तासात झालं." बाकीची दोन वर्षं मी तिला सांगितली नाहीत.

"तुमच्या नातीची निवड झालीय," ती म्हणाली. "तिला कळवायला फोन करतोय, पण लागत नाहीये."

"वर्गात असेल. तुम्ही नका लावू आता. आम्ही सांगतो."

फोन ठेवला. थोरला कापणीच्या टेबलापाशी कात्री हातात घेऊन उभा होता. सगळं ऐकलं होतं त्यानं. मला म्हणाला, "गाडी काढू?" तीन दिवसांतले ते पहिले शब्द.

"काढ. डेपोत जायचंय."

बसच्या डेपोत मी कधी गेले नव्हते. कुठल्या तोंडानं जाणार होते? फाटकातून आत गेलं की उजवीकडे पत्र्याची शेड, आणि शेडबाहेर एक बस उभी, दारं उघडी. थोरला गाडीपाशीच थांबला. "तू जा," म्हणाला, "मी आलोच," आणि रुमाल शोधायला लागला.

धाकटा बसमध्ये शेवटच्या रांगेत गुडघ्यांवर बसून सीटचे नट आवळत होता. मला पायऱ्या चढताना बघून त्याच्या हातातला पाना खाली पडला.

"आई? काय झालं? कोणाला काय झालं?"

"कोणाला काही झालं नाही. मिळाली तिला."

तो तसाच गुडघ्यांवर. "तिला सांगितलं?"

"नाही. आधी तुला."

त्यानं तोंडावर हात धरला. हात ग्रीसनं भरलेले होते, ते त्याच्या लक्षात राहिलं नाही. मी शेजारच्या सीटवर बसले. म्हटलं, "त्या दिवशी मी पाणी प्यायला गेले नव्हते. मागे जाऊन उभी राहिले होते. परत यायला पाहिजे होतं मी." त्यानं मान हलवली. या वेळी 'नको' अशी नाही.

तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ पिशवी सावरत बसमध्ये चढले. आम्हाला बसलेलं बघून त्यांना वाटलं, बस भरायला लागलीय.

"ही जाणार का हो?" त्यांनी विचारलं.

धाकटा सीटखाली पाना चाचपडायला लागला. चेहराभर ग्रीस आणि डोळ्यांतून पाणी.

"जाणार ना," मी म्हटलं. "जरा टेका तुम्ही. मागची एक सीट बसवायची राहिलीय."